पस्तीस बार

तीन दिवस बंदर बंद. समुद्र
कुणाला आत घेत नाही, बाहेर सोडत नाही.
आर्गनचे नवे सिलिंडर आणणारी बोट
कुठल्यातरी खाडीत नांगर टाकून
आमच्यासारखीच माते पीत बसली असणार.

इथे मेलिंकात एकच उरलाय, वीस लिटरचा.
काल संध्याकाळी काटा सदतीसवर. आज सकाळी पस्तीस.
"गळतोय," मी म्हणालो.
इस्मेनिया बार्रियाने साबणाचा फेस केला,
व्हॉल्व्हला, रेग्युलेटरच्या मानेला, होजच्या सांध्यांना
ब्रशने लावत गेली,
दाढी करायच्या आधी लावावा तसा.
एकही बुडबुडा आला नाही.
"गारठा आहे," ती म्हणाली. "गारठ्यात तोही अंग चोरतो."

मग दारावर खडूने हिशेब.
पस्तीस गुणिले वीस, सातशे लिटर.
शंभर तळाला राहू द्यायचे;
तळ खरवडला की ओल शिरते आत,
आणि भोगतो पुढचा माणूस.
उरले सहाशे. टॉर्चला मिनिटाला आठ,
पाइपच्या पोटात दोन.
एक तास. सांधे तीन.
"एक बार म्हणजे दोन मिनिटं.
आता घड्याळ बघू नकोस, काटा बघ."

धक्क्यावर ओयार्सोची होडी, भरलेली.
पोत्यांत शिणाणे, जिवंत, तोंडं मिटून.
उकडायच्या हौदाची वाफेची नळी फुटलेली,
आणि ओयार्सो दर पाच मिनिटांनी
दारात येऊन काही न बोलता परत जातो.
शेवटी त्याचंच जुनं शीड मागून घेतलं,
दाराला ठोकलं. वारा थोडा कमी झाला.

पाइपमध्ये, सांध्याच्या अलीकडे पलीकडे,
तिने शिळा पाव कोंबला.
"सगळी नळी कशाला भरायची? वीतभर भरली की झालं."
वाफ आली की पाव विरून जातो.
आतून आर्गन नसला तर सांध्याला काळी साखर धरते,
ती मला तिने आधीच दाखवली होती,
कापून, एका जुन्या तुकड्यावर, बोट फिरवायला लावून.

फटीतून अजून वारा येत होता म्हणून
मी आठाचे बारा करायला गेलो.
हातावर चापट बसली.
"जास्त सोडलास की तो पळतो. भोवरे करतो.
भोवऱ्यातून हवेलाच आत ओढून आणतो.
त्याला आळशी राहू दे."
ना कुणाच्या अध्यात ना मध्यात असा हा वायू,
वितळलेल्या थेंबाजवळ
नुसता बसून राहण्यासाठी विकत घेतलेला.

पहिला सांधा, चोवीस. रंग गवताच्या काडीसारखा.
दुसरा, तेरा.
आणि मग मी चुलीत लाकूड घालायला गेलो
पोटातली नळी बंद न करता.
दहा मिनिटं.
तिने दारावरचा तेरा पुसला, बारा लिहिला.
एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

तिसऱ्याला तिने लहान कप लावला, आठाचे सहा केले,
टंगस्टन इतकं जवळ आणलं
की मला वाटलं, आता चिकटणार.
वाकून, कोपर पाइपला टेकवून,
गेल्या वर्षी मोडलेल्या करंगळीसकट.
दहा. आठ. सात.
मी काटा मोठ्याने वाचत होतो,
मग वाचायचा थांबलो.

ठिणगी विझली. गॅस अजून सूं करत होता.
वाचवावा म्हणून मी व्हॉल्व्हकडे धावलो,
तिने डावा हात वर केला, उजवा हलवला नाही.
विझलेल्या जागेवर टॉर्च तशीच धरून
काचेआड ती कितीतरी वेळ.
तप्त आहे तोवर झाकायचं.
सूं थांबला. काटा पाचावर.

खडूने तिने सिलिंडरवर लिहिलं: रिकामा.

रात्री हौदात शिणाण्यांनी तोंडं उघडली.
ओयार्सोने एक बादली आमच्या दारात ठेवली,
शीड मात्र काढून नेलं.

सकाळी काटा पाचाच्या जरासा खाली होता.
मी साबण काढला नाही.